सोसायटीच्या बागेचं ठिबक: फिल्टर नेमका कोणाचा?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बाणेरमधली सहा वर्षांची सोसायटी, पावणेतीनशे फ्लॅट, पोडियमवर बाग, खाली दोन मजली पार्किंग. ठिबक आणि पॉप-अप (जमिनीतून वर उठणारे) स्प्रिंकलर बिल्डरने बसवून दिलेले. पाणी एसटीपीचं, म्हणजे सोसायटीतच शुद्ध केलेलं सांडपाणी, कमी पडलं तर बोअरचं. आज निम्मी बाग वाळलेली, निम्मी चिखलात, आणि पार्किंगच्या छतातून गाड्यांवर पाणी टपकतंय. सध्याचा एएमसीवाला, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा कंत्राटदार, म्हणतो की सगळी सिस्टीम काढा आणि मोबाइलवर चालणारा नवा कंट्रोलर बसवा. कमिटीत दोन तट पडलेत: एकाला कंत्राट रिन्यू करायचंय, दुसऱ्याला सगळं बदलायचंय.

माझं उत्तर विचाराल तर आत्ता दोन्ही करू नका. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार आहे. कंट्रोलर फक्त व्हॉल्व्हला उघड-बंद व्हायला सांगतो. बंद पडलेल्या ड्रिपरमधून, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोटीतून, पाणी काढायची ताकद त्याच्यात नाही, मग तो भिंतीवरचा असो की मोबाइलमधला.

मी या धंद्यात आलो तो शेतीतून. सुरुवातीची वर्षं नारायणगाव-जुन्नर भागात द्राक्षबागांना ठिबक जोडण्यात गेली. तिथला शेतकरी सकाळी मोटर चालू केली की आधी फिल्टरवरचे दोन गेज बघतो. का? घड त्याचे, कर्ज त्याचं. पुढे पुण्यात सोसायट्या आणि आयटी पार्कची कामं घेतली. सामान तेच, नळ्या त्याच, पण तीन-चार वर्षांत सगळं मरतं. कारण सोसायटीत पाण्याचा रस्ता तिघांत वाटलेला असतो. एसटीपीचा ऑपरेटर म्हणतो, माझं काम टाकीपर्यंत. प्लंबर म्हणतो, माझं काम पंप आणि पाइप. माळी म्हणतो, माझं काम झाडं. आणि फिल्टर नेमका या तिघांच्या मध्ये, पंप रूमच्या कोपऱ्यात, कोणाचाच नसलेला. आजपर्यंत ज्या ज्या सोसायटीत गेलो, तिथे पहिला प्रश्न हाच विचारला: फिल्टर शेवटचा कोणी उघडला? बहुतेक वेळा सगळे एकमेकांकडे बघतात.

म्हणून तुम्हीही सुरुवात तिथूनच करा. रविवारी सकाळी प्लंबरला सोबत घ्या आणि फिल्टर उघडायला लावा. आत चकत्यांचा गठ्ठा दिसला तर तो डिस्क फिल्टर, जाळीची नळी दिसली तर स्क्रीन फिल्टर. एसटीपीच्या पाण्याला नुसता स्क्रीन फिल्टर पुरत नाही. या पाण्यातला गाळ वाळूसारखा कडक नसतो, शेवाळासारखा बुळबुळीत असतो. दाब वाढला की तो जाळीतून पिळून पलीकडे जातो, नाहीतर जाळीच फाटते. अशा पाण्याला आधी वाळूचा फिल्टर, मग १२० मेशचा, म्हणजे साधारण १३० मायक्रॉनचा डिस्क फिल्टर लागतो. फिल्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन प्रेशर गेज हवेत. नसतील तर बसवून घ्या, सगळ्या सिस्टीममधली ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती. दोन्ही काट्यांतला फरक अर्धा किलोच्या (चौरस सेंटिमीटरला) आसपास गेला की फिल्टर धुवायचा, मग तारीख कोणतीही असो. ‘महिन्यातून एकदा फिल्टर सफाई’ असं कंत्राटात लिहिलेलं मी नेहमी खोडतो. एसटीपी बिनसला की तोच फिल्टर दोन दिवसांत तुंबतो.

आता दुसरं मोजमाप, आणि माझ्या मते याच्याइतकं कामाचं दुसरं काहीच नाही. प्रत्येक झोनचा, म्हणजे एका व्हॉल्व्हवर चालणाऱ्या बागेच्या भागाचा, प्रवाह. तुमच्याकडे १६ मिमीची इनलाइन नळी असेल, ज्यात ड्रिपर आतच बसवलेले असतात. नळीवर छापलेलं असतं, ड्रिपर ताशी किती लिटरचा आणि दोन ड्रिपरमधलं अंतर किती. समजा २ लिटरचा ड्रिपर, अंतर ४० सेंमी, आणि एका झोनमध्ये एकूण ४०० मीटर नळी. म्हणजे १००० ड्रिपर, म्हणजे त्या झोनने तासाला २००० लिटर पाणी घ्यायला हवं. आता पाण्याच्या मीटरवर तोच झोन एकटा दहा मिनिटं चालवा आणि आलेल्या आकड्याला सहाने गुणा. १३०० आले तर ड्रिपर तुंबलेत. २९०० आले तर कुठेतरी नळी फुटली आहे किंवा जोड निसटलाय. २००० च्या आसपास आले आणि तरी झाडं वाळताहेत, तर दोष वेळेच्या सेटिंगमध्ये किंवा मातीत शोधा. एक सावधगिरी: अर्धे तुंबलेले आणि एक फुटलेली, अशी जोडी जमली तर बेरीज बरोबर येते आणि माणूस फसतो. म्हणून आकडा बरोबर आला तरी झोनमध्ये एक फेरी मारायचीच. सबमेनच्या, म्हणजे मुख्य पाइपातून झोनला पाणी नेणाऱ्या पाइपाच्या, सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे असे पंधरा-वीस ड्रिपर निवडून त्यांच्याखाली वाट्या ठेवायच्या, सगळ्यांत सारखं पाणी जमतंय का बघायचं.

मीटर नसेल तर? एसटीपीच्या टाकीची लांबी-रुंदी मोजा आणि पातळी किती सेंटिमीटर उतरली ते बघा. त्या वेळात टाकी भरण्याचा पंप तेवढा बंद ठेवा, नाहीतर हिशोब गंडेल.

ड्रिपर तुंबले असतील तर ते कशाने, हे पाहायला नळीचं शेवटचं टोक वीतभर कापा आणि उभं चिरा. आत तपकिरी-काळा चिकट थर असेल तर तो जिवाणूंचा, एसटीपीच्या पाण्याचा. पांढरा, नखाने खरवडला की भुकटी होणारा थर असेल तर तो क्षारांचा, बोअरच्या जड पाण्याचा. तुमच्याकडे पाणी आलटून पालटून येतं, त्यामुळे बहुधा दोन्ही सापडतील.

चिकट थराला क्लोरीन, पांढऱ्याला ॲसिड. इथे मी मुद्दाम सावकाश सांगतो, कारण इथली चूक महागात पडते. दोन्ही एकत्र कधीही करायचं नाही, एकाच दिवशीही नाही. मिसळले की क्लोरीन वायू निघतो आणि पंप रूम ही बंद खोली असते. क्लोरीनसाठी ब्लीचिंग पावडर वापरू नका. तिच्यातला चुना जड पाण्यात साखळतो आणि ज्या ड्रिपरसाठी खटाटोप केला तेच बंद होतात. द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट आणा. १० टक्क्यांचं असेल तर १००० लिटर पाण्याला १०० मिली टाकल्यावर १० पीपीएम (लिटरला १० मिलिग्रॅम) मिळतं. पण एसटीपीचं पाणी क्लोरीन गिळतं. त्यात अमोनिया आणि सेंद्रिय गाळ असतो, त्यामुळे टाकलेलं आणि टोकाला पोचलेलं यात फार फरक पडतो. सर्वांत लांबच्या नळीच्या टोकाला १ ते २ पीपीएम मिळालं पाहिजे. मोजायला स्विमिंग पूलचा टेस्ट किट चालतो, तुमच्याकडे पूल असेल तर किट पूलवाल्या पोराकडे आहेच.

ॲसिडचा डोस पुस्तकातून घेऊ नका, तुमच्याच पाण्यावरून काढा. दहा लिटर पाणी बादलीत घ्या, हायड्रोक्लोरिक ॲसिड मिली-मिलीने टाकत पीएच पट्टीने तपासत जा, ४ च्या जवळ आलं की थांबा. जितके मिली लागले त्या प्रमाणात पुढचा हिशोब. नेहमी पाण्यात ॲसिड टाकायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. हातमोजे, चष्मा, उघडं दार. रात्रभर नळ्यांत राहू द्यायचं आणि सकाळी फ्लश करायचं. आधी मेन, मग सबमेन, शेवटी लॅटरल, म्हणजे ड्रिपरच्या नळ्या. आणि लॅटरलचे सगळे एंड कॅप (टोकाची झाकणं) एकदम उघडायचे नाहीत, एका वेळी चार-पाचच. सगळे उघडले की पाण्याचा वेग पडतो आणि सुटलेला गाळ जागचा हलत नाही. ही चूक मी चांगल्या चांगल्या कंपन्यांच्या पोरांना करताना पाहिली आहे. सगळीकडून गढूळ पाणी येताना दिसतं, फोटो छान येतो, नळी मात्र आहे तशीच.

दोनदा असं करूनही झोनचा प्रवाह अपेक्षेच्या ७० टक्क्यांच्या वर आला नाही, तर त्या झोनची नळी बदला. फक्त त्या झोनची. सहा वर्षांच्या सिस्टीममध्ये जमिनीखालची मेन आणि सबमेन सहसा ठणठणीत असते, बदलाव्या लागतात त्या वरच्या लॅटरल. पूर्ण सिस्टीम काढायचा सल्ला देणाऱ्याला एवढंच विचारा, की जमिनीखालचा पीव्हीसी पाइप कशासाठी काढायचा?

आता वर्षाचं वेळापत्रक. इंटरनेटवर परदेशी कंपन्यांची चेकलिस्ट मिळते, तिच्यात अर्धा कागद हिवाळ्यात नळ्यांतलं पाणी गोठू नये यावर असतो. पुण्यात पाणी गोठत नाही. आपला ‘हिवाळा’ म्हणजे पावसाळा. जूनमध्ये सिस्टीम बंद होते आणि ऑक्टोबर हीट सुरू झाली, लॉन पिवळं पडलं, की कोणाला तरी आठवण येते. या चार महिन्यांत काय काय होतं ते बघा. नळ्यांत उरलेल्या एसटीपीच्या पाण्यात थर वाढतो. ड्रिपरच्या छिद्रांत मुंग्या माती भरतात. घुशी आणि खारी नळी कुरतडतात. पावसात वाढलेलं गवत काढताना खुरप्याचा वार बसतो. आणि गणपती येतात. मंडपवाला लॉनमध्ये पहारीने खुंट ठोकतो, त्याला खालून काय गेलंय हे माहीत नसतं आणि कोणी सांगतही नाही. सिस्टीम बंद असल्यामुळे भोक पडलेलं कळतच नाही. ते कळतं ऑक्टोबरात, पाच ठिकाणी कारंजी उडाल्यावर, आणि तोवर नवरात्राच्या दांडियाचे खुंटही ठोकून झालेले असतात.

म्हणून माझी सवय अशी. जूनमध्ये सिस्टीम बंद करण्याआधी पूर्ण फ्लश आणि क्लोरीन. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी प्रत्येक झोन पाच मिनिटं चालवायचा, झाडांना गरज नसली तरी, म्हणजे व्हॉल्व्हचे आतले रबरी पडदे चिकटत नाहीत आणि फुटलेलं लगेच दिसतं. मंडपाच्या आदल्या दिवशी लॉनमधल्या नळ्यांवर चुन्याची फक्की मारायची. दहा मिनिटांचं काम. आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, हीट सुरू व्हायच्या आधी, सगळ्या झोनचं मोजमाप. एएमसीवाल्याच्या वर्षभरातल्या भेटी बारा असोत की सहा, जूनची आणि सप्टेंबरची या दोन चुकल्या तर बाकीच्या चहापुरत्या.

तुमच्या पार्किंगच्या गळतीकडे येतो. वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवायच्या आधी दोन चाचण्या करा. पहिली: बागेचे सगळे झोन बंद, पण पंप चालू ठेवून मेन लाइन दाबाखाली. मीटरचा काटा अर्धा तास बघत बसा. हलला तर मेन लाइन गळतेय किंवा एखादा व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. दुसरी: बागेला जाणारा मुख्य व्हॉल्व्ह पाच दिवस बंद ठेवा, झाडांना झारीने जेमतेम पाणी द्या. छताचं टपकणं कमी झालं तर पाणी ठिबकचं आहे. काहीच फरक पडला नाही तर वॉटरप्रूफिंगवाल्याला जरूर बोलवा. पोडियमवर माती फूट-दीड फूटच असते, तिच्याखाली जिओटेक्स्टाइल (माती अडवणारं कापड) आणि ड्रेन सेल (पाणी वाहून नेणारा प्लास्टिकचा थर), त्याखाली स्लॅब. जमिनीवर जास्तीचं पाणी मुरून जातं, इथे ते खालच्या गाडीवर येतं, आणि येताना काँक्रीटमधला चुना घेऊन येतं. गाडीच्या रंगावरचे ते पांढरे डाग पॉलिशनेही नीट जात नाहीत.

खराडीकडच्या एका सोसायटीत दोन पावसाळे ग्राउटिंग, म्हणजे गळक्या छताच्या भेगा भरणं, चाललं होतं. मी गेलो तो लॉन बघायला. एका व्हॉल्व्ह चेंबरमध्ये हात घातला तर पाणी. सोलेनॉइड (विजेवर उघडणाऱ्या) व्हॉल्व्हच्या पडद्याखाली वाळूचा एक कण अडकला होता, व्हॉल्व्ह पुरता मिटत नव्हता, आणि त्या झोनच्या कुंड्यांना चोवीस तास थेंब थेंब पाणी चालू होतं. व्हॉल्व्ह उघडला, पडदा धुतला, परत बसवला. ग्राउटिंगचा खर्च किती झाला होता हे मी त्यांना विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

तुमच्या चिखलातल्या झोनमध्ये हीच शक्यता आधी तपासा.

विजेच्या बाजूला फार वेळ घालवत नाही. एक झोन बंद असेल तर त्याच्या व्हॉल्व्हची कॉइल (व्हॉल्व्ह उघडणारी विजेची गुंडाळी) किंवा त्याची वायर. सगळे एकदम बंद असतील तर कॉमन वायर, ट्रान्सफॉर्मर किंवा कंट्रोलर. कॉइलला २४ व्होल्ट येतात का ते मल्टिमीटरने बघायचं आणि मग कॉइलचा ओहम मोजायचा. साधारण २० ते ६० च्या दरम्यान आला तर ठीक, शून्याजवळ किंवा अनंत आला तर कॉइल बदलायची. चेंबरमधले जोड साध्या काळ्या टेपने गुंडाळलेले असतील तर तेच दोषी समजा. तिथे ग्रीस भरलेले वॉटरप्रूफ कनेक्टरच हवेत. एप्रिल-मेच्या वळवाच्या विजांनी कंट्रोलर जळतात, म्हणून सर्ज प्रोटेक्टर. आणि कंट्रोलरमधली छोटी बॅटरी. ती मेलेली असली की लाइट गेल्यावर घड्याळ बिघडतं आणि भर दुपारी बारा वाजता स्प्रिंकलर सुरू होतात. एसटीपीचं पाणी पोरं खेळत असताना फवाऱ्यातून उडणं बरोबर नाही. स्प्रिंकलर पहाटे चालवा, खेळायच्या लॉनला शक्यतो जमिनीखालचं ठिबक करा, आणि बागेतल्या प्रत्येक नळावर ‘पिण्याचे पाणी नाही’ अशी पाटी मराठी आणि हिंदी दोन्हीत लावा. पाटी नसलेल्या नळावर तोंड लावून पाणी पिणारी मुलं मी पाहिली आहेत.

वेळेचं सेटिंग. लॉनला मे महिन्यात दिवसाला ५-६ मिमी पाणी लागतं, डिसेंबरात त्याच्या निम्मं पुरतं. एक चौरस मीटरवर एक मिमी म्हणजे एक लिटर. म्हणजे १००० चौरस मीटर लॉनला मे महिन्यात रोज पाच-सहा हजार लिटर, दहा हजार लिटरच्या टँकरचा निम्मा. डिसेंबरात मेचंच सेटिंग राहिलं तर रोज पाव टँकर छतातून पार्किंगमध्ये. बहुतेक कंट्रोलरमध्ये सगळ्या झोनची वेळ एकदम टक्क्यांनी कमी-जास्त करायची सोय असते. तुमच्याही असेल. कोणी दाबलेली नसेल.

माळीदादांबद्दल एक बोलतो. ते ठिबक असताना पाइपने पाणी घालतात अशी तुमची तक्रार आहे. अहो, झाड मेलं तर बोलणी त्यांना बसणार, आणि ठिबक चालतं की नाही हे त्यांना कोणी दाखवलेलं नाही. ते स्वतःला वाचवताहेत. त्यांना पाच जॉइनर, पाच एंड कॅप, दोन ग्रोमेट-टेक-ऑफ (सबमेनला नळी जोडायचे तुकडे) आणि भोक पाडायला एक पंच द्या, फुटलेली नळी जोडायला शिकवा, तासाभरात शिकतील. वर रोज फक्त दोन गेजचे आकडे वहीत लिहायला सांगा. माझ्या अनुभवात ती वही महागड्या सेन्सरपेक्षा जास्त टिकते.

कंत्राट. ‘महिन्याला दोन भेटी’ असं लिहून घेऊ नका, निकाल लिहून घ्या. प्रत्येक झोनचा अपेक्षित प्रवाह तक्त्यात, दर तीन महिन्यांनी मोजलेला आकडा त्याच्या शेजारी, आणि दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर कारण आणि दुरुस्ती. फिल्टरची जबाबदारी एकाच माणसाची, ठिबकच्या कंत्राटदाराची, आणि ते वाक्य एसटीपीवाल्याच्या कंत्राटातही लिहा म्हणजे बोट दाखवायला जागा राहत नाही. छोट्या सुट्या भागांचे, म्हणजे ड्रिपर, जॉइनर, पॉप-अपचं नोझल, कॉइल, पडदा यांचे दर वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा. नाहीतर कमी रकमेचं कोटेशन देऊन प्रत्येक कॉइलमागे वसुली होते. एसटीपीच्या पाण्याची तपासणी महिन्याला होतच असेल, तिची एक प्रत ठिबकच्या कंत्राटदारालाही द्या. तरंगता गाळ लिटरला ५० मिलिग्रॅमच्या आत असेल तर ठिबकला फारसा त्रास नाही, १०० च्या वर गेला की फिल्टर कितीही चांगला असो, ड्रिपर तुंबणारच, आणि तेव्हा ठिबकवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही.

आणि मोबाइलवाला कंट्रोलर? मला त्याचं वावडं नाही. फ्लो मीटर आणि मास्टर व्हॉल्व्ह जोडलेला असेल, नळी फुटली की स्वतः पाणी बंद करत असेल, तर मोठ्या सोसायटीत तो पैसे फेडतो. पण फ्लो मीटरशिवायचा नुसता ॲपवाला घेऊन काय करणार, पाणी बंद की चालू एवढंच फोनवर दिसणार. त्या पैशात वाळूचा फिल्टर येत असेल तर आधी तो घ्या.

आत्ता फेब्रुवारी आहे, ऊन चढायला महिना आहे. चिखलातल्या आणि वाळलेल्या अशा दोन्ही झोनमधून नळीचा एकेक तुकडा कापा, चिरा, पारदर्शक पिशवीत घाला आणि पुढच्या कमिटी मीटिंगला टेबलावर ठेवा. एएमसीवाल्याला आणि नवीन सिस्टीम विकणाऱ्याला, दोघांनाही आत काय आहे ते विचारा. मग कोटेशन वाचायला घ्या.